तात्यांचं जंगल

डोळ्याचं ऑपरेशन फसलं, असंच तात्या चिटणीसांना पहिल्यांदा वाटलं.

इंदूरला मुलीकडे आठ दिवस राहून, मोतीबिंदू काढून, काळा चष्मा लावून ते माधव नगरातल्या आपल्या घरासमोर रिक्षातून उतरले आणि बघतात तर काय, अंगणात काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. आता सगळं लख्ख दिसेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यात काही खोट नव्हती. लख्खच दिसत होतं. एका मापात कापलेली हिरवीगार लॉन, तिच्या कडेनं पांढरे गोटे, आणि मधोमध एका पायावर उभा असलेला सिमेंटचा बगळा.

"सरप्राइज!" दारातून गौरी ओरडली.

गौरी ही तात्यांची सून. बँकेत नोकरीला. गेल्या दिवाळीनंतर बदली करून घेऊन ती आणि निखिल पुण्याहून उज्जैनला तात्यांजवळ राहायला आले होते. निखिल तात्यांना घेऊन इंदूरला गेला, त्या आठ दिवसांत हिनं घरी हा उद्योग केला होता आणि नवऱ्यालाही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

"तात्या, तुमच्या पंचाहत्तरीचं गिफ्ट! चार माणसं सहा दिवस राबली. आवडलं न? आता संध्याकाळी इथे खुर्ची टाकून बसा मजेत."

नर्सरीवाला शेवटचं पाणी मारत होता. त्यानं पाइप खाली ठेवून नमस्कार केला. "अंकलजी, पूरा जंगल साफ कर दिया, पेड़ भी. एक भी खरपतवार नहीं छोड़ी. जड़ से निकाली है, अब दोबारा आएगी भी नहीं."

तात्या पायरीवर मटकन बसले. "माका?" एवढंच ते म्हणाले. मग, "आघाडा? डोरली? विष्णुक्रांता?"

"कोण?" गौरीनं विचारलं. तिला वाटलं, तात्या इंदूरहून येताना कोणाला तरी घेऊन आलेत.

झालं होतं ते असं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, कोणी बोन्साय करतं. तात्यांनी पत्री लावली होती. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींपैकी वीस. आता पत्री म्हणजे काय, तर बेल, शमी, डाळिंब अशी चार भारदस्त झाडं सोडली, तर बाकीचं सगळं कोणताही माळी डोळे मिटून उपटून फेकेल असं तण. ते तण तात्यांनी बारा वर्षं पोराबाळांसारखं वाढवलं होतं. उज्जैनच्या मे महिन्यात मारवा जळू नये म्हणून गळका माठ त्याच्या डोक्यावर टांगला होता. विष्णुक्रांतेला पहिल्यांदा शर्टाच्या गुंडीएवढं निळं फूल आलं, तेव्हा देवासच्या बहिणीला फोन करून ती बातमी सांगितली होती. बहिणीला वाटलं, कोणाला मुलगी झाली.

गौरीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा? तात्या अंगणात पाणी घालताना दिसायचे, पण काय वाढवतात हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पत्री तिनं जन्मभर पाहिली होती ती सुतळीनं बांधलेल्या जुडीत. जमिनीत उगवलेली पत्री तिच्या लेखी जंगलच. निखिल सांगू शकला असता, पण बारावीनंतर तो घराबाहेर पडला तो पडलाच. एकाही गणपतीत घरी नव्हता.

"पण तात्या, एवढं काय त्यात? पुन्हा लावू," निखिल म्हणाला.

"उद्या हरितालिका आहे," तात्या म्हणाले.

हेच खरं दुखणं होतं. हरितालिकेच्या सकाळी त्या दिवसाची आणि गणपतीची अशी दोन्ही दिवसांची पत्री न्यायला तात्यांकडे लोक यायचे. पाच-दहा नव्हे, चाळीसेक घरं. माधव नगरातली, फ्रीगंजातली, पार ऋषिनगरातलीसुद्धा. पत्नी सुलू गेल्यापासून या घराची बेल वाजायची ती दूधवाला किंवा कुरियर आला तरच. त्याला तात्यांचा स्वभावही कारणीभूत होता. पहाटे पूजेला फुलं तोडायला येणाऱ्यांना ते काठी घेऊन हाकलत. शेळ्यांशी, गाईंशी आणि शेजाऱ्यांशी ते एकाच सुरात बोलत. पण वर्षातली ती एक सकाळ वेगळी असायची. तात्या धुतलेलं धोतर नेसून, कात्री हातात घेऊन उभे राहायचे, एकेक पान खुडून त्याचं नाव आणि गुण सांगायचे, आणि चाळीस माणसं माना डोलवत ऐकायची. त्या दोन तासांत आपण कोणाला तरी लागतो, असं त्यांना वाटायचं. उरलेलं वर्ष ते त्या दोन तासांवर काढायचे.

आणि उद्या ती माणसं येणार होती आणि त्यांना दाखवायला एक बगळा होता.

गौरीला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नर्सरीवाल्याला अडवलं. "भैया, वो जो निकाला, वो कहाँ है?"

"कचरा गाड़ी ले गई, मैडम. तीन चक्कर लगे."

तीन चकरा! तात्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचे बारा वर्षांचे कष्ट 'गीला कचरा'मध्ये गेले होते.

निखिल स्कूटर काढून निघाला. रिकाम्या प्लॉटवर आघाडा बघून येतो म्हणाला. तासाभरानं घामाघूम होऊन, मोठा भारा घेऊन परत आला. तात्यांनी नव्या डोळ्यानं तो भारा पाहिला आणि त्यांना रडावं की हसावं कळेना. पोरानं कोवळी गाजर घास, म्हणजे काँग्रेस गवत, उपटून आणली होती, तीही नाल्याकाठची.

"अरे, ही वाहिलीस तर गणपतीला शिंका येतील," ते म्हणाले. "आणि खरा आघाडा आणलास तरी मी देणार नाही. 'माझी पत्री रस्त्यावरची नाही, हिला गाईगुरांनी तोंड लावलेलं नाही,' असं बारा वर्षं छाती पुढे काढून सांगितलंय मी लोकांना."

त्या संध्याकाळी तात्या जेवले नाहीत. गौरीवर ते एका शब्दानंही रागावले नाहीत, आणि तिला तेच जास्त लागलं. रागावले असते तर रडून मोकळी झाली असती.

सकाळी सहालाच गौरी भैरवगढच्या छापाची कोरी साडी नेसून कुठेतरी गेली आणि दोन मोठ्या पिशव्या घेऊन परतली. फ्रीगंजातून पत्रीच्या चाळीस जुड्या आणल्या होत्या. "तात्या, ह्या द्या न लोकांना. कोणाला काय कळतंय?"

"मला कळतंय," तात्या म्हणाले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. येईल त्याला तोंडानं सांगायचं आणि परत पाठवायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्या आल्या मंगलाताई. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या, तोंडाच्या फटकळ. त्यांच्यामागे पूजा आणि मधुरा या जावाजावा, त्यांच्यामागे आणखी पाच-सहा जणी आणि पिशव्या धरलेले त्यांचे नवरे.

"मंगलाताई, यंदा पत्री नाही," तात्या एका दमात म्हणाले. "सगळी गेली. माफ करा. दुसरीकडून घ्यावी लागेल."

मंगलाताईंनी त्यांच्या खांद्यावरून लॉनकडे पाहिलं, बगळ्याकडे पाहिलं. "अगबाई! बरं झालं की. किती मोकळं लागतंय."

"बरं झालं?" तात्यांना आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. "अहो, तुमची हरितालिकेची पूजा आहे आज!"

"पत्री आहे आमच्याकडे," मंगलाताई म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत सुतळीनं बांधलेली जुडी होती, गौरीनं आणली होती तशीच. पूजाच्या पिशवीतही होती. मधुरानं आपली पिशवी हळूच पाठीमागे लपवली.

तात्या एकेका पिशवीकडे बघत राहिले. "हे... यंदाच आणलं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मधुरा पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. शेवटी मंगलाताईंनीच सोक्षमोक्ष लावला.

"हे पाहा तात्या, आता लपवण्यात काही मतलब नाही. तुमच्याकडे वीसच मिळतात. देवदार तुमच्याकडे नाही. एकवीस पुऱ्या करायला आम्हाला जुडी घ्यावीच लागते. दरवर्षी घेतो. येताना पिशवीतच असते."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

काल अंगण पाहिलं तेव्हा तात्यांना धक्का बसला होता. पण आत्ता त्यांच्या छातीत जे झालं त्यापुढे तो काहीच नव्हता. बारा वर्षं टांगलेला माठ, काठी घेऊन राखलेल्या पहाटा, एकेका पानाचे गुण सांगताना चढलेला आवाज, आणि या सगळ्या काळात समोरच्या प्रत्येक पिशवीत बाजारची जुडी! आपण यांना कधी लागतच नव्हतो. त्यांना भर सकाळी, भर रस्त्यात लाज वाटली.

"मग येत कशाला होता?" ते ओरडलेच. "माझी थट्टा करायला?"

"ओरडू नका, डोळ्याचे टाके तुटतील," मंगलाताई म्हणाल्या. टाके नव्हतेच, पण तात्या गप्प झाले. "सुलूवहिनी गेल्या आणि तुम्ही फाटकाला कडी घातलीत. फुलाला आलो तर काठी, प्रसाद द्यायला आलो तर 'ठेवा भिंतीवर'. वर्षातून एक दिवस तुम्ही माणसाला आत घेता. त्या दिवशी यायचं, चांगले आहात का बघायचं, तुमचं ते आघाडा-पुराण ऐकायचं आणि घरी जायचं. त्यात थट्टा कसली?"

गौरी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि बायकांना आज पाण्याचाही उपास आहे हे आठवून तिथेच थबकली. मागून आणखी लोक येत होते, प्रत्येकाच्या हातात पिशवी होती, आणि प्रत्येकजण लॉन बघून पुढच्याच्या कानात काय झालं ते विचारत होता.

तात्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. लोक गोट्यांवरून सांभाळून आत आले, बुटका कठडा बघून काही जणी टेकल्या, पुरुष लॉनवर बसले. आणि मग तात्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्यापाशी बोलायला काहीच नाही. दाखवायला पान नाही. ते चेहरे बघत गेले, आणि नव्या लख्ख डोळ्याला ते इतके जवळ दिसले, की त्यांना धस्स झालं. बारा वर्षं ते यांच्याशी बोलत होते. पण पूजाला मुलं किती, मधुरा नोकरी करते की नाही, तो कोपऱ्यातला काठी टेकलेला माणूस कोणाचा कोण, यातलं एकही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मंगलाताई," ते म्हणाले. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मंगलाताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण एरवी कोणाला न आवरणारं त्यांचं ते तोंड नुसतंच थरथरलं, आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"कोणी नाही हो," त्या म्हणाल्या. "मी एकटीच असते."