जहाजावरचं गोडं पाणी

"अजून काही घ्यायचं राहिलंय का?" चारुलतानं दुसऱ्यांदा विचारलं.

टेबलाभोवतीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंडितनं बोटं दुमडत यादी म्हटली, "तोफा झाल्या. दारूगोळा झाला. तलवारी, दोर, मद्याची पिंपं. आणि शेहजादचा पोपट."

"बोलणारा पोपट," शेहजाद म्हणाला. "भाभी, बोलणारा लिहिलाय ना?"

"लिहिलाय."

"मग उचला नांगर," स्वप्नील म्हणाला आणि आपली खुर्ची कूलरच्या आणखी जवळ सरकवली.

चारुलतानं नांगर उचलला. दुसरं काय करणार? बंदराचं वर्णन करताना तिनं गोड्या पाण्याची विहीर दोनदा सांगितली होती. रहाट, दगडी काठ, पाणी शेंदणाऱ्या बाया. त्यावर या तिघांनी एकच प्रश्न विचारला होता, बाया दिसायला कशा आहेत.

कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा यांचा हा खेळ. एकानं सूत्रधार होऊन कथा सांगायची, बाकीच्यांनी कथेतली माणसं व्हायचं, आणि नशिबाचं काय ते फाशानं ठरवायचं. पिंप्राळ्यातल्या या घरात तो चारुलतानंच आणला होता, पुण्याच्या हॉस्टेलमधून, साड्यांच्या बॅगेतून लपवून आणावा तसा. नवऱ्याला, स्वप्नीलला शिकवला. नवऱ्यानं मित्रांना बोलावलं. पंडित गणिताचा क्लास चालवायचा, शेहजाद धुळ्याहून एसटीनं यायचा. मग मुक्ता झाली आणि स्वप्नील म्हणाला, "दोन-तीन महिने सूत्रधाराचं मी बघतो." मुक्ता आता अडीच वर्षांची होती.

या काळात स्वप्नीलनं सांगितलेल्या सगळ्या कथा तिनं आतल्या खोलीतून ऐकल्या होत्या. प्रत्येक कथेत एक दारूचा गुत्ता, गुत्त्यात एक नाचणारी, बाहेर हाणामारी. तयारी म्हणजे रविवारी सकाळी संडासात मोबाइल घेऊन बसणं. तरी प्रत्येक वेळी तिघं "वा, वा" करत, आणि ती मुक्ताला मांडीवर थोपटत दात आवळत असे. समुद्राची मोहीम मात्र मी सांगणार, असं तिनं या वेळी भांडून ठरवलं होतं. तीन रविवार पुरेल अशी कथा. मुक्ता झोपली की ती शिडांचे, दोरांचे, खलाशांच्या शिळ्या रोट्यांचे तपशील वाचत बसे. समुद्र तिनं लग्नानंतर एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही पावसाळ्यात आणि लांबून. चहाच्या पाण्यात बुडवून तिनं नकाशा पिवळा केला. खोक्याच्या पुठ्ठ्याचं जहाज केलं, त्याला जुन्या ओढणीचं शीड लावलं. आणि शेवटच्या रविवारसाठी एक बेट राखून ठेवलं. त्या बेटावर एक म्हातारी रोज रात्री दिवा लावते. जो तिला स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट सांगेल, त्यालाच ती बंदरात घेते. या तिघांना खरं बोलावं लागणार, या विचारानं चारुलता वरणाला फोडणी देताना एकटीच हसली होती.

पण बेट लांब होतं.

"तिसऱ्या दिवशी वारा पडला," ती म्हणाली. "शीड लोंबतंय. ऊन असं, की लाकडातून डांबर पाझरतंय. खलाशांचे ओठ फुटलेत. ते तुमच्याकडे पाणी मागताहेत."

"पानी?" शेहजाद हसला. "चारों तरफ पानीच पानी है, भाभी."

"खारं आहे."

"पिण्याचं असेलच ना जहाजावर," पंडित म्हणाला.

"कोणी भरलं?"

पंडितनं पुन्हा बोटं दुमडून यादी मोजली.

"कोणीतरी भरलंच असेल," स्वप्नील म्हणाला. "जहाज म्हटलं की पाणी आलंच. त्यात सांगायचं काय असतं?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. या माणसाला खरोखर वाटत होतं, की माठातलं पाणी माठाच्या बुडातून उगवतं. दर तिसऱ्या दिवशी नळ येतो, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि आला की घरातली एक बाई धावते. त्या धावण्याचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. पंडितनं नाही, शेहजादनंही नाही.

"मद्य आहे की," पंडित म्हणाला. "तेच पाजू."

"पाजा. संध्याकाळपर्यंत निम्मे खलाशी आडवे."

"वहिनी, तुम्ही सिलॅबसबाहेरचं विचारू राहिल्या."

"नाहीतर काय," स्वप्नील म्हणाला. "चारू, आम्ही इथे लढायला बसलोय. समुद्रातही तुझं नळ आणि पिंपच का? घरगुती करून टाकलंस सगळं."

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून कौतिकाअक्कांची हाक आली. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. "चारू, पानी उनं व. बठ्ठं भरी ले, आज लवकर जाई."

नळ आला होता आणि लवकरच जाणार होता. तिन्ही डोकी तिच्याकडे वळली. त्या नजरेत विनंतीही नव्हती. लाइट गेल्यावर माणसं पंख्याकडे बघतात, तसं ते बघत होते. चारुलता अर्धी उठली होती. गुडघ्यांना सवयच तशी. मग ती परत बसली.

"वारा पडलाय, जहाज थांबलंय," ती म्हणाली. "सूत्रधार जागा सोडत नसतो. पाणी तुम्ही भरा."

शेहजादला तो खेळाचाच भाग वाटला. बाह्या सारत तो उठला, मागोमाग बाकीचे. चारुलता नकाशावर हात ठेवून बसून राहिली. मोरीतून आवाज येत होते. "पाइप कुठे असतो रे?" "मोटरचं बटण कोणतं?" "अरे, अंगावर नको." लग्न झाल्यापासून नळ वाहताना ती पहिल्यांदा बसून होती आणि ते तिला अजिबात सोपं जात नव्हतं. कुठेतरी पाणी भरून वाहिल्याचा आवाज आला, तरी ती उठली नाही.

तिघं ओलेचिंब, फुशारून परतले.

"भरलं. आता वारा सोड," स्वप्नील म्हणाला.

"काय काय भरलं?"

"कूलर फुल," शेहजाद म्हणाला. "मोरीतलं पिंप फुल."

"बाइकपण धुऊन टाकली," पंडित म्हणाला.

"आणि माठ? ओट्यावरची टाकी?"

नळानं शेवटची हवा फुसकन सोडली, ती हॉलपर्यंत ऐकू आली. स्वप्नीलनं एव्हाना मोबाइल कानाला लावला होता. "भाऊ, एक जार पाठवा. हो, गार." फोन ठेवून तो तिच्याकडे बघून हसला. "आलं की नाही पाणी? जहाजावर पण तसंच समज. कोणीतरी आणून दिलं."

चारुलता उत्तर देणार होती. पण तिची नजर टेबलावर गेली आणि तिथे कडेला ठेवलेलं पुठ्ठ्याचं जहाज नव्हतं. मुक्ता झोपली होती त्या आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

खुर्ची मागे पडली त्याचा आवाज तिनं मोरीत पोचल्यावर ऐकला. पिंपावरचं झाकण भिंतीला टेकवलेलं, झाकणावर ती कायम ठेवायची तो दगड खाली. पालथ्या बादलीवर उभी राहून मुक्ता पिंपाच्या काठावर पोटावर ओणवी झाली होती, दोन्ही हात आत. एक टाच हवेत. चारुलतानं आधी फ्रॉक पकडला, मग कंबर.

"आई, नाव सोडली," मुक्ता म्हणाली.

तिघं दारात येऊन थांबले. "काही झालं नाही ना?" स्वप्नील म्हणाला. "केवढं घाबरवतेस."

शेहजादनं पिंपाकडे पाहिलं. "झाकण मी काढलं होतं, भाभी," तो हळूच म्हणाला.

हॉलमध्ये आल्यावर स्वप्नीलनं तोडगा काढला. तोडगे काढण्यात तो हुशार होता. "पुढच्या रविवारपासून पंडितच्या क्लासवर बसू. मुक्ता लहान आहे, इथे रिस्क नको. कथा मी पुढे नेतो. पाऊस पाडतो, पिंपं भरतात, विषय संपला."

"वहिनींना पण आराम," पंडित म्हणाला.

मुक्ता खांद्यावर होती. चारुलतानं मोकळ्या हातानं नकाशाची गुंडाळी केली आणि नवऱ्याला दिली. फासेही दिले, वाटीत घालून.

"पुढचे कागद?" त्यानं विचारलं. "पुढे काय होतं?"

"पुढे तुम्ही पोचला नाहीत," ती म्हणाली.

शेहजादला एसटी स्टँडवर सोडायला तिघं धुतलेल्या बाइकवरून गेले. पाणीवाल्याचा पोरगा दारात जार ठेवून गेला. जार उचलून तिनं ओट्यावर नेला, माठ भरला, मुक्ताला पाणी पाजलं. मुक्तानं मोरीकडे बोट दाखवलं.

जहाज अजून तरंगत होतं. पुठ्ठा फुगला होता, ओढणीचं शीड पाण्यावर पसरलं होतं. चारुलतानं मुक्ताला बादलीवर उभं केलं आणि दोन्ही हातांनी तिची कंबर घट्ट धरली.

"नावेत कोण आहे?" मुक्तानं विचारलं.

"कोणी नाही."

"कुठे चालली?"

"बेटावर. तिथे एक आजी दिवा लावून बसलीये."

मुक्तानं वाकून दिवा शोधला. जहाज एका कडेनं पाणी प्यायला लागलं, कलंडलं आणि सावकाश खाली गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत दोघी बघत राहिल्या. मग चारुलतानं मुलीला खाली उतरवलं, झाकण लावलं आणि वर दगड ठेवला.