रजयांच्या खोलीतला माईक

अकरा फेब्रुवारी. आभाळ ढगाळ, वारा पडलेला. त्या दुपारी जे घडलं ते सांगायला मी, एक माईक, बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच ऐकलंय. आज जरा माझं ऐका.

माझा पहिला मालक पॉडकास्टवर लोकांना यशाचं रहस्य सांगायचा. पाचव्या भागातच रहस्य संपलं आणि मी कपाटात त्याच्या मोज्यांशेजारी जाऊन पडलो. तो वास अजून जाळीतून गेलेला नाही. पुढे त्याने मला एका शिंपीणबाईंना विकलं.

बाईंना झोपेत श्वास अडण्याचा आजार. डोळा लागला की घसा मिटतो, श्वास थांबतो, जीव घाबराघुबरा होऊन जाग येते, पुन्हा तेच. सकाळी माणूस रात्रभर दगड फोडल्यासारखा उठतो. बाई शिलाई मशीनवर पेंगायच्या. कुणी म्हणालं रक्त कमी, कुणी म्हणालं काळजी सोडा. घोरता का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. बाईमाणसाला कसं विचारायचं! आता त्या नाकावर मुखवटा चढवून, यंत्राच्या हवेवर झोपतात आणि ठणठणीत आहेत. वाया गेलेल्या वर्षांच्या रागातून त्यांनी पॉडकास्ट काढला. बोलणार फक्त रुग्ण. डॉक्टरांनी गप्प बसून ऐकायचं, असा नियम.

आवाज घुमू नये म्हणून दुकानामागच्या खोलीत त्यांनी भिंतभर रजया लटकवल्या. दार बंद, पंखा बंद. झोपेच्या रोग्यांना बोलवायचं आणि असल्या उबेत बसवायचं! एक निवृत्त मुख्याध्यापिका तर 'नमस्कार' म्हणून जी कलंडली, ती चहा येईपर्यंत उठली नाही.

त्या दुपारचा पाहुणा होता बाईंचा धाकटा दीर. शाळेची बस चालवतो. घोरणं भिंत हलवणारं. एकदा सिग्नलला डोळा लागला, हे त्याने स्वतःच हसत हसत सांगितलेलं. तेव्हापासून बाई त्याच्या मागे लागलेल्या. मागे पोरं बसलेली असतात. तपासणीचं नाव काढलं की गडी उडवून लावायचा. आजही आला तो टिंगल करायलाच.

"वहिनी, ती सोंड लावून झोपता, दादा घाबरत नाही?"

"उलट परत शेजारी झोपायला लागलाय. आधी माझ्या घोरण्याला घाबरून बाहेरच्या खोलीत पळायचा."

"मी घोरतो म्हणजे मला गाढ झोप लागते. साधा हिशेब आहे."

"हे माईकमध्ये बोल. लोकांना कळू दे तुझं शास्त्र."

बाई प्रस्तावना वाचू लागल्या. तिसऱ्या वाक्याला दिराची हनुवटी छातीवर. मग जे सुरू झालं त्याचे तुषार माझ्या अंगावर आले. आणि एकदम काहीच नाही. घोरणं नाही, श्वासही नाही. शांतता मला नवी नाही, पण तिने मला घाम फुटला. बाईंचा हात त्याच्या खांद्यावर पडणार, तेवढ्यात तो गचका खाऊन हवेसाठी धडपडला आणि डोळे मिटूनच पुन्हा घोरू लागला. पुन्हा थांबला तेव्हा बाईंनी त्याला गदागदा हलवलं.

"झोपलो नव्हतो हं! डोळे मिटून ऐकत होतो."

बाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि नुकतंच झालेलं रेकॉर्डिंग लावलं. आधी तो खदखदा हसला. मग ती शांतता आली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळे मात्र मोठे झाले.

"वहिनी... हा श्वास का घेत नाहीये?"

"तेच कधीपासून विचारतेय तुला."

"पोरांच्या आयांनी हे ऐकलं तर?"

"तुझा आवाज, तू ठरव. नको म्हण, आत्ता पुसते. पण बसचं काय?"

त्याने शेजारच्या रजईचा काठ चुरगाळला.

"शाळेत दादाला सांगायला लावा. मला लाज वाटते."

"लाज वाटली तरी तूच सांगायचं. मी येते सोबत."

"बरं. आणि हे लोकांना ऐकवा. नाव घालू नका फक्त."

माझी जाळी आता चेपली आहे, वायर चिकटपट्टीवर जगते आहे. एवढंच मागतो: शेजारचा घोरला तर खुशाल हसा, पण घोरणं मध्येच थांबलं तर हसू आवरा आणि त्याला डॉक्टरकडे ओढत न्या.

तो भाग सत्तावीस जणांनी ऐकला. दिराची तपासणी झाली. आजार तीव्र निघाला. यंत्र मिळेपर्यंत बस दुसरा चालक चालवतो.