ओल्या लाकडाचं दार

आंघोळ उरकून सुताराने न्हाणीघराची कडी काढली, दार आत ओढलं, पण ते हललंच नाही. पुन्हा जोर लावला, तर मूठच हातात आली.

घर नवं, दारही नवं. वर्षभरात धंदा वाढला, त्यातूनच हे घर झालं. धंदा का वाढला, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असा त्याचा समज होता. लाकूड सुकायला तो आता वेळच देत नसे. ओल्या फळ्या कापायच्या, वर जाड रंग चढवायचा, की माल रवाना. त्यातलंच एक दार इथे बसलं होतं आणि सुकता सुकता पिळून चौकटीत रुतलं होतं.

वर हातभर झरोका, त्यालाही गज. अंगावर फक्त पंचा. हाका मारून घसा बसला तेव्हा कुठे बायको आली. शाळेची चोवीस दारं न्यायला गाडी आली आहे, माल भरू का असं गाडीवाला विचारतोय, म्हणाली.

“भर म्हणावं. आणि मला पेचकस दे.”

“देते. पण शाळेची दारंही याच लाकडाची ना?”

बायको सुताराचीच लेक. तिचे वडील फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या वर्षभर सावलीत रचून ठेवत. घरात श्रीमंती कधी आली नाही, पण त्यांचं एकही दार कधी परत आलं नाही.

“झाड चाळीस वर्षं उभं राहून वाढतं,” ती दाराबाहेरून म्हणाली, “आणि आपल्याला एक वर्ष दम निघत नाही. अहो, तुम्ही एवढे बाप्ये, रडकुंडीला आलात. पहिलीतलं पोर असं अडकलं तर?”

तो पालथ्या बादलीवर बसला. हातातली मूठ त्याने उलटसुलट करून पाहिली. शाळेच्या दारांना मुद्दाम खाली बसवायला, लहान मुलाच्या हातात मावेल अशी ही मूठ त्यानेच निवडली होती; त्यातलीच एक इथे लागली होती. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

“गाडी रिकामी परत पाठव,” तो म्हणाला. “शाळेत जाऊन मी स्वतः सांगतो. आधी ते कर, पेचकस मग दे.”

पेचकस दाराखालून आत सरकला. आपणच बसवलेल्या बिजागऱ्या सोडवायला त्याला अर्धा तास लागला.

ते पिळलेलं दार आजही कारखान्याच्या भिंतीला टेकून उभं आहे. वाचकहो, घाईने मिळवलेल्या संपत्तीत माणूस आधी स्वतःच कोंडला जातो. लाकडाला सुकायला आणि माणसाला घडायला जो वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.