सासूबाईंनी न पाहिलेला सिनेमा

दाढ काढायची असेल तर डॉक्टरांकडून भुताचा सिनेमा ऐकावा लागतो, हे त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. सुईने दाढ बधिर होते, माणूस होत नाही. त्याची भीती दाढेवरून उठवायची तर तिला दुसरीकडे कुठेतरी कामाला लावली पाहिजे. म्हणून ते दर शुक्रवारी नव्या सिनेमाचा पहिला खेळ गाठत आणि पुढचा आठवडाभर तो पेशंटच्या कानात ओतत. कामागणिक सिनेमाही ठरलेला. दात नुसते साफ करायचे तर प्रेमकथा. तिच्यात पेशंटचं लक्ष नसलं तरी अडत नाही. रूट कॅनॉलला रहस्यपट, कारण खुनी कोण हे कळायला पेशंट पुढच्या वेळी झक मारत येतो. विनोदी सिनेमाला मात्र दवाखान्यात सक्त बंदी होती. एक हवालदार ऐन वेळी हसला होता आणि त्या हसण्याची खूण डॉक्टरांच्या तर्जनीवर कायमची उमटली होती.

आणि दाढ उपटायची तर भुताचाच. माळ्यावरचं दार करकरतं, दिवा विझतो, नायिका मागे वळते, पेशंटचा श्वास अडकतो आणि त्याच क्षणी खटकन दाढ बाहेर! एका पहिलवानाला म्हणे दाढ निघाल्याचं कळलंच नाही. रिकाम्या हिरडीनिशी तो 'पुढे काय झालं ते सांगा' म्हणून खुर्चीला चिकटून बसला, शेवटी त्याला खुर्चीसकट बाहेर नेऊन ठेवावं लागलं. लोक दवाखान्याला टॉकीजच म्हणत. धडधाकट दातांची माणसंसुद्धा 'जरा ठणकतंय' म्हणून येत आणि ऐसपैस रेलत.

अशा या डॉक्टरांवर एका सोमवारी खुद्द सासूबाईंची दाढ येऊन कोसळली.

सासूबाई बाईमाणूस कसल्या, तोफ होत्या. पण दाताच्या नावाने त्यांचे हातपाय गार पडत. बायकोने त्यांना धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघा. आईचा 'आई गं' एवढा शब्द जरी मला बाहेर ऐकू आला ना, तर तिला तशीच उचलून समोर नेईन."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, नव्या काचेच्या दवाखान्यात. तिथली तरुण डॉक्टरीण एकही सिनेमा न सांगता दात काढते अशी वदंता होती.

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जावयाच्या खुर्चीतून सासू पळाली."

बायको बाहेर जाऊन बसली. तिच्या शेजारच्या बाकांवर पाचसहा पेशंट कान टवकारून बसलेले डॉक्टरांना दाराच्या फटीतून दिसले. घरचं माणूस ज्याच्यापुढे किंचाळतं, त्याच्यापुढे परकी माणसं जबडा कशाला उघडतील? दाढ तर निघायला हवी, आणि हूं की चूं व्हायला नको.

त्यांनी सुई दिली, दाढ बधिर होऊ दिली, आरसा हातात घेतला.

"आई, मोठा आ करा. हां, शाबास. या शुक्रवारी एक भुताचा लागलाय. जंगलात एक बंगला असतो..."

"पाहिला," सासूबाई म्हणाल्या.

गालात कापूस आणि जिभेवर आरसा असताना कुणी 'पाहिला' म्हणालं तर तुम्हाआम्हाला नुसती गुळणी ऐकू येईल. पण डॉक्टरांचा सारा जन्म उघड्या तोंडांशी गप्पा मारण्यात गेलेला. त्यांना उघड्या तोंडाची भाषा आईच्या भाषेइतकी पक्की येत होती.

"पाहिला? कधी?"

"मला तर बाई त्या भुताचीच कीव आली. एवढा मोठा बंगला, एकटी बाईमाणूस. झाडलोट कोण करतं हो तिथे? आणि ती तुमची नायिका! खुट्ट झालं की बटण दाबायचं सोडून मेणबत्ती शोधत हिंडते. दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या."

डॉक्टर चाट पडले. सिनेमा लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. सासरे गेल्यापासून विणकामाचा वर्ग आणि घर, यापलीकडे सासूबाईंचं जग नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. पण चकित व्हायला वेळ नव्हता. त्यांनी घाईघाईने दुसरं रीळ चढवलं.

"बरं, मग तो लढाईचा. रणगाडे चालून येतात, नायक एकटाच खंदकात..."

"त्याचा भांग बघितलात का तुम्ही? आठ बॉम्ब फुटले, डोंगर पडला, निम्मी पलटण गेली, पण पठ्ठ्याचा भांग मोडला नाही. कुठलं तेल लावतो कोण जाणे."

"खुनाचा तरी नसेल पाहिलात. त्या हॉटेलातला."

"स्वयंपाकी."

"स्वयंपाकी?" डॉक्टर मोठ्याने म्हणाले.

"खुनी हो. स्वयंपाकी. सुरीला धार लावताना पहिल्यांदा दाखवला ना, तेव्हाच मी कोपर मारून सांगितलं."

कोपर कुणाला मारलं, हे विचारायचं डॉक्टरांना भान राहिलं नाही. बाहेर बाकावरचा, त्या सिनेमाचा निम्माच भाग ऐकलेला रूट कॅनॉलवाला पेशंट "अरेरे!" म्हणून कळवळला, तेवढं मात्र त्यांना ऐकू आलं.

"अंतराळातला?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कोट्यवधी मैल लांब जातो मेला, आणि तिथे जाऊन काय करतो? बायकोची आठवण काढत रडतो. मग घरी असतानाच दोन शब्द धड बोलायचं होतंस! यांत्रिक माणूस मात्र छान होता. त्याने काम केलं चोख."

"अहो, झालं का?" दाराबाहेरून बायकोचा आवाज आला.

"होतंय, होतंय!"

"जावईबापू, परत ठणका जाणवायला लागलाय हं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले.

आणखी एक सुई द्यायची म्हटलं तर किंकाळी ठरलेलीच. सिनेमे संपले होते. जगातला एकही पडदा असा उरला नव्हता की जो या बाईने पाहिला नाही. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. थाप मारली.

"एक आहे अजून. इकडे लागलेला नाही."

"नाव काय?"

"नाव... ठरायचंय."

सासूबाईंनी भुवया उंचावल्या, पण आ मिटला नाही. डॉक्टरांनी चिमटा उचलून दाढेला लावला. आता गोष्ट कुठून आणायची? ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या त्याला स्वतःची कुठली सुचणार? तो बिचारा घरातलंच हाताला लागेल ते उचलतो. डॉक्टरांच्या हाताला त्यांचे वडील लागले.

"एक म्हातारा असतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाकडे राहतो. रोज दुपारी घर पेंगत असतं, तेव्हा हा म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालतो. मिशी कातरतो. अत्तर लावतो. आणि मुलाला सांगतो, साखर वाढलीय, जरा बागेत चालून येतो."

साखर उतरवायला अत्तर कशाला लागतं, हा प्रश्न स्वतः डॉक्टरांना घरात कधी पडला नव्हता आणि आत्ताही पडला नाही. पण सासूबाईंचे डोळे मोठे झाले. डॉक्टरांना हुरूप आला.

"पण तो बागेकडे जातच नाही. मागे बघतो, कुणी नाही ना याची खात्री करतो, आणि उलट्या दिशेला वळतो."

सासूबाईंचा रंग उडाला. कपाळावर घामाचे थेंब दिसले. डॉक्टर मनात म्हणाले, वा रे पठ्ठ्या! एवढं भूत तर खऱ्या सिनेमालाही जमलं नव्हतं. आता त्याला कुठल्यातरी तळघरात नेऊ, तिथे एक हडळ बसवू, आणि तिने मान वळवली की दाढ बाहेर.

"तो एका जागी शिरतो. आत काळामिट्ट अंधार. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. चाचपडत चाचपडत जातो. त्या अंधारात कुणीतरी आधीपासून त्याची वाट बघत बसलंय. एक बाई."

"अगं बाई," सासूबाई पुटपुटल्या.

"तो तिच्या शेजारी बसतो. हळू... हळू ती मान वळवते. आणि तिचा चेहरा..."

"माझाच आहे!" सासूबाई चिमट्यासकट म्हणाल्या. "सगळं कळलंय तर सरळ विचारा ना, असं छळता कशाला? हो, आम्ही दोघं जातो दुपारच्या खेळाला. मी काही विणत नाही आणि तुमचे बाबा काही चालत नाहीत. आणि पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय!"

"आई गं!"

ही किंकाळी साऱ्या दवाखान्यात घुमली, काचा थरथरल्या, रस्त्यापलीकडची डॉक्टरीण म्हणे गॅलरीत येऊन बघून गेली. किंकाळी डॉक्टरांची होती. ते दोन पावलं मागे उडाले, भिंतीवर आदळले आणि त्यांच्या हातातल्या चिमट्यात एक भलीमोठी, तीन मुळांची दाढ होती.

सासूबाईंनी जिभेने चाचपून बघितलं.

"निघाली?"

"निघाली," डॉक्टर भिंतीला टेकून म्हणाले.

"कळलंसुद्धा नाही हो!"

डॉक्टरांनी त्यांच्या हिरडीवर कापसाचा बोळा ठेवला आणि सवयीने बजावलं, "अर्धा तास दाबून धरायचं. बोलायचं नाही." आपण काय करून बसलो ते त्यांच्या लगेचच लक्षात आलं. कारण दार धाडकन उघडून बायको आत शिरली होती आणि दारात बाकावरची सगळी डोकी एकावर एक रचल्यासारखी दिसत होती.

"दुखवलंत ना माझ्या आईला? चल गं आई, समोर!"

सासूबाईंनी जोरजोरात मान हलवली. चिमट्यातल्या दाढेकडे बोट दाखवलं. मग आपल्या गालावर टिचक्या मारल्या आणि हात असा उडवला की काहीच झालं नाही.

"मग ओरडलं कोण?"

सासूबाईंचं बोट जावयाकडे वळलं.

"तुम्ही? दाढ तिची काढलीत आणि ओरडलात तुम्ही?" दारातल्या डोक्यांत खसखस पिकली. "का?"

डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी कापूस दाबून धरला, डोळे मिटले आणि 'तुम्हीच सांगा' असा हात केला.

"त्याचं असं आहे," डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "एक म्हातारा असतो..."

"सिनेमा नकोय मला! सरळ सांगा."

"तुझी आई आणि माझे बाबा लग्न करतायत."

"कोण बाबा?"

"आपले बाबा. म्हणजे आजवर माझे, आणि तुझे म्हणण्यापुरते. आता दोघांचेही."

बायकोने आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. आधी लाजून, मग काय व्हायचं ते होवो अशा धिटाईने. बायकोला काहीतरी बोलायचं होतं, बरंच काही बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं. शब्द काही येईना. तोंड तसंच उघडं राहिलं, जबडा सैल सुटला, आणि ती हळूहळू बाजूच्या स्टुलावर टेकली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिने या दवाखान्यात कधी आ केला नव्हता. डॉक्टरांचा हात आपोआप दिव्याकडे गेला. त्यांनी तो वळवला आणि वाकून नीट निरखून बघितलं.

"अगं," ते हादरून म्हणाले, "तुझीही वरची दाढ किडलीय!"