भिंतीतली ओल

कॅरव्हॅनच्या छतावर वाकून बबनरावांनी प्लॅस्टिकची पट्टी फटी बुजवणाऱ्या जुन्या सीलंटखाली सरकवली आणि अंगठ्यानं दाब देत हळूहळू पुढे नेली. लोखंडी पट्टी वापरायची नाही, तिनं छताला चरे पडतात आणि त्याच चऱ्यांतून पुढं पाणी शिरतं, हे त्यांनी आजवर निदान चाळीस जणांना सांगितलं असेल. खाली त्यांची बायको कांताबाई शिडी धरून उभ्या होत्या. शिडी वर कडीला दोरीनं बांधलेली होती, तेव्हा धरायची तशी काही गरज नव्हती. पण अकरा वर्षं त्या धरत आल्या होत्या, आणि बबनरावांनीही कधी सोड म्हटलं नव्हतं.

"साडेदहा झाले," कांताबाई म्हणाल्या. "तो अकराला यायचाय."

"येऊ दे. एवढी कड झाली की उतरतो."

तो म्हणजे कीथ, कॅम्पसाइटवर येऊन कॅरव्हॅनची वार्षिक तपासणी करणारा मेकॅनिक. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपलं ओल मोजायचं यंत्र किचनमागच्या भिंतीला टेकवलं तेव्हा आकडा एकोणीस आला होता. पंधराच्या आत असावा लागतो. पुढच्या वर्षी बावीस, गेल्या मे महिन्यात सव्वीस. तेव्हा कीथनं यंत्र खिशात घालता घालता, आवाज शक्य तेवढा मऊ ठेवून सांगितलं होतं, की पुढच्या खेपेला तिशी ओलांडली आणि पाणी कुठून येतंय ते कळलंच नाही, तर तो या गाडीला पास करणार नाही. भिंत बदलून उपयोग नाही, नवीही तशीच कुजेल. मग ती मोडीत काढलेली बरी.

बबनरावांनी ते वर्ष छतावरच काढलं म्हटलं तरी चालेल. छतावरच्या खिडकीची कड, दिव्यांच्या वायरी आत जातात ती भोकं, झडपांच्या टोप्या, सगळ्याच्या भोवतीचं सीलंट त्यांनी दोनदा खरवडलं आणि दोनदा नव्यानं भरलं. पाणी ओतून पाहिलं, आतून टॉर्च मारून पाहिलं. कुठे थेंब दिसेना.

लोकांना याचं नवल वाटे, कारण या कामात बबनरावांचा शब्द प्रमाण होता. त्यांची गाडी साधी कॅरव्हॅनही नव्हती. फिफ्थ-व्हील होती, म्हणजे जी नुसती मागे ओढली जात नाही, जिचा पुढचा भाग पिकअपच्या पाठीवर चढून बसतो, तसली. इंग्लंडात अशा गाड्या फार नाहीत. कुठल्याही कॅम्पसाइटवर ती उभी केली की दहा मिनिटांत कुणीतरी चहाचा मग घेऊन बघायला येई, आणि बबनराव त्याला जोडणीचा जबडा नीट बसलाय का हे पुढे एक हलका झटका देऊन कसं तपासायचं, ते करून दाखवत. स्लाऊच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मेन्टेनन्स फिटर म्हणून काढलेली. हातात कला होती आणि सांगायची हौसही होती. कॅरव्हॅन-मालकांच्या क्लबचं महिन्याला एक पत्रक निघे, त्यात त्यांचं अर्धं पान असे. खिडकीच्या रबराला व्हॅसलिन लावा. गाडीच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवा, माती मऊ असली तर दोन ठेवा. थंडीत नळ सगळे उघडे टाका. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा ठळक अक्षरात: हवेच्या जाळ्या कधीही, कुठल्याही कारणानं बंद करू नका.

इथंच वाढलेली त्यांची मुलगी रचना क्रॉयडनला वकिली करते. तिचं सरळ मत होतं. "बाबा, तो गाडी आता जुना झालाय. लेट इट गो. मी तुम्हाला छान हॉटेल बुक करते ना." बबनराव तिला बघू म्हणाले होते. बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या वडिलांना गावात पाणी कुठं भरायचं ते ठरवून दिलेलं होतं, बसायचं कुठं तेही ठरवून दिलेलं होतं. बबनरावांना उभ्या आयुष्यात एकच चैन हवी होती: आपण म्हणू तिथं थांबायचं आणि आपल्या दारात खुर्ची टाकून बसायचं. ही गाडी गेली तर सत्तराव्या वर्षी दुसरी काही ते घेणार नव्हते. हॉटेलात कुणी दारात खुर्ची टाकू देत नाही.

कीथ अकराला पाच मिनिटं असताना आला. बूट पुसून आत शिरला, कांताबाईंशी हवापाण्याचे चार शब्द बोलला, आणि थेट किचनकडे वळला. यंत्राच्या दोन सुया त्यानं शेगडीच्या वरच्या कपाटामागे टेकवल्या. यंत्र लगेच वाजलं. बबनरावांनी आकडा पाहिला. चौतीस.

कीथनं अंगठा भिंतीवर ठेवून दाबला. भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

बबनरावांनी छतावर काय काय केलं त्याची सगळी यादी सांगितली. कीथनं ती मन लावून ऐकली. मग त्यानं हळूच विचारलं, की आतली हवेची एखादी जाळी बंद तर नाही ना. बबनराव दुखावले. आचाऱ्याला मीठ टाकलंस का असं विचारावं, तसला प्रश्न. ते म्हणाले, या विषयावर क्लबच्या पत्रकात मीच लिहितो. कीथ म्हणाला, वाचलंय मी, पण माझ्या कागदावर यंदापासून तसा रकाना आहे, मला स्क्रू काढावे लागतील.

शेगडीच्या वर छताला पांढरी गोल जाळी होती. चार स्क्रू होते. बबनरावांनी अकरा वर्षांत ती खालून कधी उघडली नव्हती. बाहेरचं, खालचं, वरचं सगळं त्यांचं आणि किचन कांताबाईंचं, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून होती. जाळीची छतावरची टोपी त्यांनी कैकदा पुसली होती, तिच्याभोवती सीलंट भरलं होतं, पण धड असलेली टोपी उचकटायची नाही हाही त्यांचाच नियम होता.

जाळी खाली आली. वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी होती, चारी बाजूंनी सरळ लावलेली, कोपरे दुमडून. कीथनं ती ओढली तसा कापडाचा बोळा पडला, शेगडीवर. ओला आणि काळपट. एका टोकाला मात्र त्याचा रंग अजून कळत होता. कांताबाई दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाला नेसत, त्या जुन्या निळ्या साडीचा तो तुकडा होता.

कीथनं एकदा बबनरावांकडे पाहिलं, एकदा कांताबाईंकडे, आणि मी टायर बघून येतो म्हणून बाहेर गेला. माणूस शहाणा होता.

"हे तू कोंबलंस?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी." कांताबाईंनी बोळा उचलून सिंकमध्ये टाकला. "आता काय झालं त्याला?"

बबनरावांनी सांगितलं. पाणी छतातून येतच नव्हतं. भाताची, डाळीची, रोजच्या स्वयंपाकाची सगळी वाफ वर जायला वाट नाही म्हणून थंड भिंतीत मुरत होती, अकरा वर्षं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसं ते स्वतः वर्षभर छत खरवडत बसले होते. आणि ओलीचं सोड, गॅसचं काय? आपण झोपेत गेलो असतो.

कांताबाईंना हे सगळं नवीन होतं. वाफेचा आणि भिंतीचा संबंध त्यांच्या डोक्यातच आला नव्हता, कारण पाणी छतातून येतं असं बबनराव म्हणत होते, आणि गाडीतलं बबनरावांना कळतं. त्या म्हणाल्या, खालच्या जाळ्या बंद करायच्या नाहीत असं तुम्ही सांगितलं होतं, त्यांना मी कधी हात लावला नाही. वरचीचं तुम्ही काही बोलला नव्हता.

"पत्रकात दर दोन महिन्यांनी लिहितो मी."

"पत्रक तुम्ही लोकांसाठी लिहिता. मी कुठं वाचते?"

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो खरं तर आधी विचारायला हवा होता. का?

कांताबाईंनी आधी शेगडी पुसून घेतली. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा होता. स्वयंपाक करताना ही खिडक्या लावून घेते, म्हणजे वाऱ्यानं ज्योत विझत असणार, अशा समजुतीनं बबनरावांनीच तो आठव्या वर्षी बनवून दिला होता. छान झालाय म्हणाल्या होत्या त्या. तरीही खिडक्या लावतच राहिल्या.

"डेव्हनला पहिल्यांदा गेलो होतो," त्या म्हणाल्या. "मी सुकट केली होती, कांदा घालून. शेजारच्या बाईनं दोरीवरचे कपडे काढून आत नेले. तुम्ही उठलात, त्यांना सॉरी म्हणून आलात. आणि मला म्हणालात, कांता, खिडकी लाव, वास जातोय."

बबनरावांना डेव्हन आठवत होतं. पाऊस आठवत होता, जोडणीचा जबडा पहिल्यांदा बसवताना उडालेली तारांबळ आठवत होती. हे आठवत नव्हतं.

"मी असं म्हणालो?"

"एकदाच. परत कधी नाही." त्यांनी फडकं पिळलं. "खिडकी लावली तरी वास वरनं जातच होता. म्हणून मग वरचंही बंद केलं."

"अगं, पण मला सांगायचं. भांडायचं. रचनाच्या हेडमास्तरला तू त्याच्या ऑफिसात जाऊन सुनावलं होतंस. मी म्हटलं म्हणून तू अकरा वर्षं..."

"तुम्ही म्हणालात म्हणून नाही." कांताबाई फडकं वाळत घालत होत्या, त्यांची पाठ बबनरावांकडे होती. "तुमचा आवाज. किती सभा ऐकल्या मी तुमच्या. माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्या दिवशी तो इतका खाली गेला होता, मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. मला तो आवाज परत ऐकायचा नव्हता."

बबनराव बाकावर बसले. त्यांना लाज वाटली. साधीसुधी नाही, अंगावरचे कपडे नकोसे व्हावेत तशी. दर वर्षी जयंतीला हॉलमध्ये उभं राहून ते पोरांना सांगत, की मान खाली घालून काही मिळवायचं नाही. पोरं टाळ्या वाजवत. पहिल्या रांगेत निळी साडी नेसून ही बसलेली असे. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तीही टाळ्या वाजवत होती. त्यात तिची थट्टा नव्हती, हे त्यांना कळत होतं. त्यानं तर आणखीच अवघड झालं.

बाहेर कीथ खोकला. बबनराव उठून दारात गेले.

कीथच्या हातात फॉर्म होता. तो म्हणाला, बातमी तशी चांगली आहे. कारण सापडलं. भिंतीचा तेवढा भाग कापायचा, आतलं लाकूड महिनाभर वाळू द्यायचं, नवा पत्रा बसवायचा. चाकं, जोडणी सगळं उत्तम आहे. गाडी आणखी दहा वर्षं सहज जाईल. मग त्यानं पेनानं फॉर्मवरच्या एका चौकटीवर टकटक केलं. ओलीचं कारण. तो जरा जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, मी नुसतं कंडेन्सेशन लिहितो, वाफेचं पाणी झालं एवढंच. सगळ्यांच्याच गाड्यांत असतं. कुणी पुढं विचारत नाही.

शेजारच्या जागेत एक म्हातारं जोडपं घडीच्या खुर्च्यांवर चहा पीत बसलं होतं. पलीकडे कुणी तंबूचे खुंटे ठोकत होतं. बबनरावांनी त्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"कंडेन्सेशन बरोबर आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पण पूर्ण लिहा. वरची जाळी बंद होती. आम्ही सुके मासे खातो. त्यांचा वास येतो. तो तुम्हा लोकांना येऊ नये म्हणून मी माझ्या बायकोला खिडकी बंद करायला सांगितलं होतं. चूक माझी आहे. तिची नाही."

कुठल्याही माइकशिवाय ते तंबूवाल्यापर्यंत गेलं. ठोकणं थांबलं. म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला आणि आपल्याला काही विचारलंय की काय अशा गोंधळात हात वर करून बबनरावांना गुड मॉर्निंग केलं. कीथनं चौकटीकडे पाहिलं. ती फार लहान होती. तरी त्यानं बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली.

बबनराव दारातच उभे राहिले. मागे वळून बघायचा धीर त्यांना होईना.

"ऐकलं मी," आतून कांताबाई म्हणाल्या.