कोशाच्या धाग्याने नटलेली गळाची काठी

मी एक जुनी गळाची काठी आहे. पण मित्रांनो, मला नुसती काठी म्हणू नका, मला राग येतो. ढोरं हाकायला लागते ती काठी. माझ्या अंगावर रेशीम होतं, रेशीम!

बांबूच्या सहा पट्ट्या तासून आणि एकमेकींना चिकटवून मला घडवलं. दोरी धावायला माझ्यावर तारेच्या कड्या बसवल्या. प्रत्येक कडीचे पाय लाल रेशमाने घट्ट बांधले, कडेला काळ्या धाग्याचे बारीक वेढे दिले आणि पाणी आत शिरू नये म्हणून वरून व्हार्निश चढवलं. धरणाच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरने मला इकडे आणलं आणि बदली झाली तेव्हा देवाजीच्या वडिलांना देऊन टाकलं. तेव्हापासून मी सिहोऱ्याजवळ, शेतकरी देवाजीच्या घरात आहे.

धानाच्या बांधाला लागून देवाजीची स्वतःची बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. तिथे मी कितीतरी वर्षं मासे ओढले. पुढे देवाजीचे गुडघे धरले, बोडीवर बसणं सुटलं आणि मला छताच्या लाकडांत खोचून ठेवलं गेलं. उंदरांनी माझं रेशीम चवीने खाल्लं. मेल्यांना दुसरं काही मिळालं नाही.

यंदा देवाजीची मुलगी मेघा लाखांदूरच्या सासरहून माहेरी आली. तिला पाचवा महिना होता आणि अन्न समोर आलं की मळमळायचं. मनकर्णाबाई, म्हणजे तिची आई, रोज नवं काहीतरी करायची, पण पोरीच्या पोटात दोन घासही टिकत नव्हते. बाजारचा मासा आणला, तर तिला वासानेच उलटी झाली.

एका सकाळी मेघा म्हणाली, "बाबा, मले आपल्या बोडीतला रोहू खावासा वाटते. तो पोटात राहील."

पुढल्या आठवड्यात मंगळवारी जावई तिला न्यायला येणार होते. देवाजीने घाईने मला खाली काढलं. बघतो तर माझ्या कड्या लोंबत होत्या. तो मला घेऊन तडक भैय्यालालकडे गेला. भैय्यालाल त्याचा जुना दोस्त. सारा जन्म मागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणण्यात गेलेला. करवतीच्या दातांसारखा काठ काढावा तर त्यानेच.

"दोन धागे बांधून दे, भैय्या," देवाजी म्हणाला.

विणकराला दोन धागे सांगून कुठे भागतं? उरलेल्या कोशाच्या लडी बाहेर निघाल्या. कड्यांच्या पायांवर त्याने किरमिजी पट्टे बांधले, पट्ट्यांच्या कडेला पिवळी रेघ ओढली. मुठीच्या वर उलटसुलट तिरपे धागे घेऊन शंकरपाळ्यांची ओळ काढली आणि तिच्या दोन्ही अंगांनी करवतीचे दात. देवाजी रोज चक्कर मारायचा.

"झालं का?"

"काठ राहिला ना अजून. घाई कायले करून राहिला?"

शेवटी भैय्यालालने मागावरच्या सवयीने सगळ्या धाग्यांवर तांदळाची खळ चोळली. धागा कडक झाला, चकाकला. व्हार्निशची आठवण ना त्याला झाली, ना देवाजीला. त्या हाताने जन्मभर धाग्याला खळच लावली होती.

घरी आल्यावर देवाजीची नजर माझ्यावरून हटेना. त्याने मला बैठकीत खिळ्यावर टांगलं. गाव बघायला येऊ लागलं. कोणी फोटो काढला, कोणी मोबाइलच्या स्टेटसला लावला. मी तर फुगून गेले. मासे धरायचं नाव मात्र कोणी काढेना, कारण भिजले असते तर रंग गेला असता.

"पोरगी उपाशी हाये, अन् तुम्ही काठीले पाहून राहिले," मनकर्णाबाई म्हणाली.

"उद्या जातो," देवाजी म्हणाला. असे उद्या बरेच झाले.

जावई येण्याच्या आदला दिवस, सोमवार उजाडला. मेघा उठली, तिने मला खिळ्यावरून ओढलं आणि बोडीची वाट धरली. देवाजी लंगडत मागे निघाला.

"भिजवू नको, बेटा."

"मंग काय गळ बांधावर टाकू?"

मेघा पाळीवर, म्हणजे बोडीच्या काठावर, बसली. गळाला कणकेची गोळी लावून तिने दोरी टाकली आणि माझं टोक पाण्यात बुडालं. मित्रांनो, काय सांगू! खळ विरघळायला लागली. पाणी पेजेसारखं पांढरं झालं आणि बारक्या मासोळ्यांची झुंड माझ्या अंगावर तुटून पडली. मला अशा गुदगुल्या झाल्या की लाज वाटली. गर्दी बघून मागून एक दांडगा रोहू आला आणि त्याने गोळी गिळली.

मेघाने झटका दिला. ओले धागे सुटले आणि माझ्या कड्या एकामागून एक दोरीवरून घसरत पाण्यात गेल्या. मेघाने मला चिखलात फेकलं आणि दोरी हातात धरली. देवाजीनेही गुडघे विसरून दोरीला हात घातला. बापलेकीने रोहू काठावर ओढला. मी चिखलात झिंज्या सोडून पडले होते आणि माझ्याकडे कुत्रंही बघत नव्हतं.

त्या दिवशी मेघा भरपेट जेवली आणि तिचं जेवण पोटात राहिलं. मनकर्णाबाईने आत जाऊन पदराला डोळे पुसले. भैय्यालालही जेवायला होता. त्याने मला उचललं, एक धागा चोळून पाहिला आणि खाली मान घातली.

"खळ लावली ना म्या. व्हार्निश पायजे होतं."

"तू गप जेव," देवाजी म्हणाला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना उंदरांपासून जपा, हे तर सांगतेच. पण खिळ्यापासूनही जपा. आम्हाला भिजू द्या, मळू द्या, तुटलो तर पुन्हा बांधा. आता मेघा बाळंतपणाला येणार आहे. काल देवाजी मला पुन्हा भैय्यालालकडे घेऊन गेला. त्या बिचाऱ्याने व्हार्निशचा नवा डबा आणून ठेवला होता.

देवाजीने डबा बाजूला सरकवला आणि म्हणाला, "ते राहू दे. खळच लाव, अन् जरा जाड लाव."