पेटी आणि भोंगा

भोंग्याची मला शिसारी आहे. ज्यानं तो पहिल्यांदा धाब्यावर बांधला त्याच्या कानात काहीतरी बिघाड असणार, आणि ज्यांनी तो ऐकून माना डोलावल्या त्यांच्या डोक्यात. किन्हीराजाच्या आमच्या बौद्ध वस्तीत असे दोन भोंगे होते. विहाराच्या धाब्यावर, तोंडं गावाकडं करून बांधलेले. नाल्याच्या या अंगाला वस्ती, त्या अंगाला गाव.

लाऊडस्पीकरचा सेट जयंती मंडळाचा होता. वर्गणीतून अॅम्प्लिफायर आला तेव्हाच ठरलं, की जयंतीची गाणीही याच्यावर आणि सिनेमाही याच्यावर. मी शाळामास्तर. टपालानं रेडिओचा कोर्स केलेला, म्हणून सेट माझ्या गळ्यात पडला. एका सेटवर दोन संसार कसे चालतात ते मला विचारा.

सिनेमातली माणसं बोलतात. ते बोलणं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळायचं तर आवाज बारीक आणि चिरका लागतो, आणि तो भोंग्यातूनच निघतो. गाण्याला जाडपणा लागतो, श्वास लागतो. भोंगा नेमकं तेवढंच खातो. म्हणून गाण्यासाठी मी दोन पेट्या केल्या. चहाच्या खोक्यांच्या फळ्या, मधोमध स्पीकर, आणि पेटी घुमू नये म्हणून आत सरकी काढलेला कापूस कोंबलेला. त्या पेटीतून गाणं असं यायचं, की बाई समोर बसून म्हणते आहे. पण तिच्यावर सिनेमा लावला, की नायक कणगीत बसून बोलायला लागे. दोन्ही एकदम लावून पाहिलं, बटणं अर्ध्यावर ठेवून पाहिली. गाणंही नासलं आणि सिनेमाही नासला. शेवटी मी एक खटका बसवला. एका बाजूला पांढऱ्या रंगानं लिहिलं 'गाणं', दुसऱ्या बाजूला 'सिनेमा'. गाणं म्हणजे पेटी, सिनेमा म्हणजे भोंगा. मधलं काही नाही.

मंडळाचा अध्यक्ष होता पंजाबराव. पानाला चुना लावलेल्या बोटांनीच तो सेटची बटणं फिरवी, आणि ते डाग मला पुसावे लागत. पेटी ऐकून तो म्हणाला, "मास्तर, हे तं घरातल्या घरात बोलल्यावानी वाटते. आवाज कुठी हाय?"

"हाच आवाज हाय."

"आवाज नाल्याच्या तिकडं गेला पायजे. माह्या बापानं तिकडं जोरात खोकललं तरी मार खाल्ला होता. आता त्याइले आयकू दे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरीही मला त्याची किळस यायची, हे कबूल करतो. आमच्याकडं सेट कसा आहे असं कुणी विचारलं, तर उत्तर मिळे की अमक्या गावापर्यंत ऐकू गेला. काय ऐकू गेलं, हे कुणी विचारत नसे. सेट घेताना दुकानातही मंडळवाल्यांनी तेवढंच विचारलं होतं, आणि मी शरमेनं बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

शहात्तर साली माझी आत्या भागिरथा घशाच्या गाठीनं आजारली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख मिळाली ती जयंतीनंतर दहा दिवसांची. आत्याला अक्षर येत नव्हतं. छप्पन्नला दीक्षा घेऊन आल्यापासून निंदताना, कापूस वेचताना तिनं गाणी रचली होती. गाणी मी उतरवून घेतली असती, पण कागदावर गळा उतरत नाही. मला तो गळा ठेवायचा होता. त्या जयंतीकडून मला दुसरं काही नको होतं.

कारंज्याच्या एका शिक्षक मित्राकडून टेपरेकॉर्डर मिळाला, एका दिवसापुरता. जयंतीच्या सकाळीच मी तो तिच्यापुढं ठेवला आणि घराचं दार लावलं.

"म्हन, आत्या."

"कोनासाठी म्हनू?"

"याच्यासाठी."

तिनं टेपरेकॉर्डरकडं पाहिलं. "हे काय मान हालवते? मानसं बसू दे बापू, मंग म्हनीन." तिनं गळ्याला हात लावला. "गया आता एका गान्यापुरताच रायला."

मग मी संध्याकाळची तयारी केली. टेपची तार पेटीच्या बाजूला जोडली. पेटी आणि भोंगा, दोन्हीकडचं टेपवर येईल अशीही जोडता आली असती. पण माझाही हेका होता. भोंग्याकडं जाणाऱ्या कशालाही त्या टेपवर जागा नव्हती. गर्दीचा गलबला नको म्हणून मी टेप घेऊन विहारात दार ओढून बसलो. बाहेर सेटपाशी पंजाबरावाला बसवलं आणि बजावलं, की खटक्याला हात लावायचा नाही.

ऊन उतरलं होतं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा धरमसिंग आपलं सिनेमाचं मशीन घेऊन दुपारीच आला होता, आणि पडदा बांधून झाला होता. पडदा दिसल्यावर माणसांचं जे होतं ते झालं. शेंगांची टरफलं, पिचकाऱ्या, जागेवरून भांडणं. वंदना चालू असतानाही मागून शिट्ट्या येत होत्या. वर्षभर जयंतीची वाट पाहणारी हीच माणसं, आणि यांना अंधार कधी पडतो याचीच घाई. मला त्या सगळ्यांचा वीट आला होता.

आत्या माईकपुढं उभी राहिली. तिनं विहिरीचं गाणं धरलं. गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन बाई उभी आहे, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघते आहे, आणि सूर्य माथ्यावर येतो. पहिलं कडवं पेटीतून आलं. घसा बसलेला होता, पण त्या बसलेपणासकट तो तिचा होता. मी टेपच्या फिरत्या चकत्यांकडं बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या कडव्याला खट्ट झालं, आणि आत्याचा आवाज डोक्यावरून, धाब्यावरून यायला लागला. पत्र्याचा, चिरका, नाकातला. टेपच्या चकत्या फिरतच होत्या. त्यांच्यावर आता काहीच चढत नव्हतं.

मी दार ढकलून धावलो. मध्ये बसलेली माणसं, त्यांचे पसरलेले पाय, शिव्या. सेटपाशी पोचलो तेव्हा शेवटचं कडवं चालू होतं. पंजाबरावाचा हात खटक्यावरच होता, आणि खटका सिनेमावर. मी त्याचं मनगट धरलं.

"तिनंच इशारा केला," तो म्हणाला. "हात वर करून तिकडं दाखोलं. आई शप्पत."

"खोटं बोलून राह्यला तू."

"इचार तिले."

तेवढ्यात गाणं संपलं. मी आत्याला पुन्हा म्हणायला विनवलं. तिनं पदरात थुंकून पाहिलं, लाल झालेला पदर मुठीत धरला आणि नाही म्हणून मान हलवली. धरमसिंगानं मशीन सुरू केलं. धाब्यावरचे भोंगे मारामारीचे आवाज गावाकडं फेकायला लागले, आणि पब्लिक खूष झालं. पंजाबराव लांबून माझ्याकडं बघत पान चघळत होता. पुढचे दहा दिवस आत्याचा गळा उघडला नाही.

मे महिन्यात ती नागपूरहून आली. गळ्याला पांढरी पट्टी. मी कारंज्याहून टेपरेकॉर्डर पुन्हा मागून आणला आणि भर दुपारी तिच्या खाटेपाशी ठेवून लावला. एक कडवं. मग नुसती सूं सूं. तिनं ते कडवं डोळे मिटून ऐकलं. सूं सूं लागल्यावर डोळे उघडले.

"पंजाबरावानं वाटोळं केलं," मी म्हणालो. "वरून तुह्यं नाव पुढं करते."

तिनं नाही म्हणून मान हलवली. बोट आपल्या छातीवर टेकवलं. मग हात वर उचलून नाल्यापलीकडं, गावच्या विहिरीकडं दाखवला आणि तसाच धरून ठेवला. तिला पंजाबरावाची बाजू घ्यायची नव्हती, ती फक्त खरं सांगत होती.

गाणं कसं यावं, सिनेमा कसा यावा, हे मी पुरुषांशी भांडून ठरवलं होतं. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्या पंजाबरावाची मला घाण वाटत होती, त्यानं निदान तिच्या हाताकडं पाहिलं होतं. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती. आणि तरी मला तिचाही राग आला. ज्यांनी घागरीत पाणी ओतलं नाही, त्यांना तिनं उरलेला सगळा गळा देऊन टाकला होता, आणि तोही त्या पत्र्यातून.

"मलेबी पायजे होता ना तो आवाज, आत्या," मी म्हणालो. "काहून देल्ला सगळा त्याइले?"

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं. गळ्यावरची पट्टी हलली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं तोंड मिटलं.